माळढोकरावांचे चिंचोके

एका जंगलात दोन शाळा होत्या. कोणत्या जंगलात ते विचारू नका. विचारलंत तर मी खरं सांगून बसेन, आणि मग तुमचे मुख्याध्यापक माझ्या दारात येतील. हाताची घडी घाला आणि ऐका. मागच्या बाकावरच्यांनी जांभया नंतर द्या.

पहिली शाळा रानडुकरांची. तिचं नाव मुसंडी हायस्कूल. दुसरी चितळांची. तिचं नाव ठिपकेवाडी विद्यालय. दोन्ही शाळांना फुटबॉलचं भारी वेड होतं. पण गवताचं सपाट मैदान सबंध जंगलात एकच, तळ्याकाठचं. म्हणून दरवर्षी दोघांचा एक सामना व्हायचा. जिंकेल त्या शाळेने वर्षभर मैदान वापरायचं. बरोबरी झाली, तर आदल्या वर्षी ज्यांच्याकडे होतं त्यांच्याचकडे राहायचं. हरणाऱ्यांनी टेकडीमागच्या खडकाळ माळावर जाऊन खेळायचं.

चार वर्षं मैदान मुसंडीकडे होतं. चार वर्षं चितळांची पोरं दगडात खेळत होती. आता रानडुक्कर दगडावर पडलं, तर दगडालाच लागतं. चितळाचा पाय म्हणजे काडी. मागच्या हिवाळ्यात चांदणी नावाच्या चितळीचा पाय त्या माळावर दोन दगडांच्या सांदीत अडकला आणि मोडला.

जंगलात चितळाचा पाय मोडला की पुढे काय होतं, ते मी सांगणार नाही. तुमचे डबे अजून खायचे आहेत. एवढंच सांगतो, की पुढच्या सत्रात चांदणीचं नाव हजेरीत नव्हतं.

चांदणीची धाकटी बहीण टिकली. यंदा ठिपकेवाडीची कप्तान तीच होती.

"मास्तर, यंदा मैदान मिळेल ना हो?" ती रोज विचारायची. "आता धाकटी पोरं खेळायला लागलीत. त्या माळावर मला त्यांच्याकडे बघवत नाही."

त्यांचे खेळाचे मास्तर म्हणजे शिंगाडे मास्तर. म्हातारा सांबर, सरळ मनाचा. "मिळेल गं. तुम्ही फक्त खेळ स्वच्छ ठेवा," ते म्हणायचे. "बाकीचं बघायला पंच आहेत."

इतकं वय झालं, शिंगांना फाटे फुटले, तरी माणूस असं बोलतो! माणूस म्हणजे सांबर. चुकलं. पण तुम्हाला कळलं ना?

तर पंच. पंच होते माळढोकराव. माळढोक हा मोठा रुबाबदार पक्षी. मान ही एवढी उंच, चाल सावकाश, गळ्यात शिट्टी. त्या मानेवरून त्यांना मैदानातली मुंगीसुद्धा दिसायची. त्यांना दिसत नाही असं कोणी म्हणू नये. त्यांना सगळं दिसायचं. तीच तर चीड आणणारी गोष्ट आहे.

तरुणपणी माळढोकराव जे दिसेल त्याची शिट्टी वाजवायचे. एका सामन्यात त्यांनी मुसंडीविरुद्ध बारा फाउल दिले आणि ठिपकेवाडीविरुद्ध एकही नाही. कारण बारा धक्के डुकरांनीच मारले होते. चितळांनी एकही मारला नव्हता. त्या संध्याकाळी मुसंडीचे पालक त्यांच्या घरी गेले. माळढोकाचं घर जमिनीवर असतं, गवतात. आत बायको अंड्यावर बसलेली.

"बारा आणि शून्य?" पालक म्हणाले. "हा पक्षपात नाही तर काय?"

"अहो, पण धक्के तुमच्याच मुलांनी..."

"बारा आणि शून्य!" पालक पुन्हा म्हणाले आणि घराभोवतीचं गवत तुडवत एक फेरी मारून गेले. अंड्याला त्यांनी हातही लावला नाही. फक्त बघितलं.

दुसऱ्या दिवशी माळढोकरावांनी दोन पिशव्या शिवल्या. एक डाव्या पंखाखाली, एक उजव्या. सोबत मूठभर चिंचोके घेतले. मुसंडीविरुद्ध शिट्टी वाजली की एक चिंचोका डाव्या पिशवीत. ठिपकेवाडीविरुद्ध वाजली की एक उजव्या पिशवीत. आणि सामना संपताना दोन्ही पिशव्या सारख्या भरल्या पाहिजेत, म्हणजे पाहिजेतच. याला ते न्याय म्हणायचे. सगळं जंगल माना डोलवायचं. क्रीडा समितीने त्यांना दोनदा आदर्श पंच म्हणून शाल-श्रीफळही दिलं.

मी तेव्हा टाळ्या वाजवल्या नाहीत. तुम्हीही वाजवल्या नसत्या अशी माझी समजूत आहे. पण तुमचा काय भरवसा!

सामन्याचा दिवस आला. पाचव्याच मिनिटाला मुसंडीचा कप्तान धोंडू धावत आला आणि टिकलीला त्याने कुशीत अशी धडक दिली, की ती दोन कोलांट्या खाऊन तळ्याकाठच्या चिखलात जाऊन पडली.

शिट्टी वाजली. फाउल! चिंचोका डाव्या पिशवीत.

चितळांना बरं वाटलं. शिंगाडे मास्तर म्हणाले, "बघा, पंच बघतात."

मग माळढोकराव उजवी पिशवी चाचपू लागले. ती रिकामी होती. त्यांची मान अस्वस्थपणे इकडेतिकडे वळू लागली. चितळांच्या गोलाजवळ एक पोरगं नुसतं उभं होतं.

शिट्टी वाजली. "फाउल!"

"सर, मी काय केलं?"

"तू उभा होतास."

"मग काय करायचं होतं, सर?"

"उलट उत्तर देतोस?" माळढोकराव म्हणाले आणि मुसंडीला फ्री किक दिली. तीही थेट गोलासमोर. त्यावर मुसंडीचा गोल झाला.

डुकरं दिसतात मठ्ठ, पण हे त्यांना सहाव्या मिनिटाला कळलं. पंचांना भरपाई करावीच लागते. तेव्हा आपण धक्के लांब, मैदानाच्या मधोमध मारायचे. भरपाईची फ्री किक आपल्याला कुठेतरी गोलाजवळ मिळतेच. मग काय विचारता! धक्के, ढुशा, लाथा, सगळं सुरू झालं. माळढोकराव प्रत्येक फाउलला शिट्टी वाजवत होते, आणि प्रत्येकाची भरपाईही करत होते. एकाला फाउल दिला, तो शिंकला म्हणून. एकाला दिला, त्याचे ठिपके डोळ्यांवर येतात म्हणून. गोलकीपरला दिला, तो गोलाच्या मध्येमध्ये येतो म्हणून.

मध्यंतराला टिकली लंगडतच पंचांकडे गेली. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"सर, एक विचारू? आम्ही अजून एकही धक्का मारलेला नाही."

"माहीत आहे मला!" माळढोकराव खेकसले. "म्हणून तर मला एवढं शोधावं लागतं. ते बघ, मुसंडीची मुलं! त्यांचे फाउल कसे समोर दिसतात. काही त्रास नाही. आणि तुम्ही? तुमच्यामुळे माझी मान अवघडली आज."

टिकली मास्तरांजवळ येऊन बसली. मास्तर तिचा गुडघा पुसत राहिले. या वेळी पंचांबद्दल ते काही बोलले नाहीत.

पण पोरगी जिद्दीची. दुसऱ्या डावात तिने चार डुकरांना चकवून एक गोल केला. एक-एक. बरोबरीने भागणार नव्हतं. बरोबरी म्हणजे पुन्हा माळ, पुन्हा दगड. शेवटचं मिनिट आलं. धोंडूने तिला पुन्हा आडवं पाडलं. मुसंडीविरुद्ध अकरावा फाउल. उजव्या पिशवीत तोवर दहाच चिंचोके होते.

टिकली उठली. फ्री किक तिनेच घेतली. डोळ्यांसमोर काय असेल तिच्या, तुम्हीच विचार करा. चेंडू डुकरांच्या डोक्यांवरून गेला, वळला आणि जाळ्यात शिरला.

गोल! चितळांची धाकटी पोरं नाचत मैदानात घुसली. शिंगाडे मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. माकडांनी झाडं हलवली.

माळढोकरावांनी पिशवी चाचपली. एक कमी होता.

शिट्टी वाजली.

"गोल रद्द! ठिपकेवाडी, फाउल!"

"कशाबद्दल?" टिकली ओरडली.

माळढोकरावांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काही सापडेना. मग सापडलं. "किक मारताना तुझी शेपटी वर झाली. ही प्रतिस्पर्ध्याला चिथावणी आहे."

"सर, धोंडू अंगावर येत होता! चितळ घाबरलं की शेपटी वर होतेच. मुद्दाम करतो का आम्ही?"

"कारण काहीही असो. शेपटी वर होती ना?"

होती. टिकली खोटं बोलली नाही. चिंचोका उजव्या पिशवीत पडला आणि सामना संपला.

शिंगाडे मास्तर समितीकडे गेले. समितीचा अध्यक्ष एक सुस्त अस्वल होता. त्याने तराजू मागवला. एका पारड्यात डावी पिशवी, दुसऱ्यात उजवी. काटा मधोमध उभा राहिला.

"अजून काय न्याय हवा तुम्हाला, मास्तर?" अस्वल म्हणालं. "अकरा आणि अकरा. हरलं की सगळे पंचांच्या नावाने बोंब मारतात. शोभतं का शिक्षकाला?"

माळढोकरावांना तिसऱ्यांदा शाल-श्रीफळ मिळालं.

दुसऱ्या दिवशी माळावर शिंगाडे मास्तरांनी चेंडू आणलाच नाही. रांगेत दहा लाकडी ओंडके उभे केले.

"आज पास द्यायचे नाहीत," ते म्हणाले. "आज धडका मारायच्या. डोकं खाली, कुशीत, जोरात."

"पण मास्तर, खेळ स्वच्छ ठेवा म्हणून तुम्हीच..."

"अकरा शिट्ट्या फुकट खाल्ल्या आपण," मास्तर म्हणाले. त्यांना टिकलीकडे बघवत नव्हतं. "यापुढे निदान कमावून खाऊ."

पुढच्या वर्षीचा सामना काय वर्णावा! दोन्हीकडून सारखेच धक्के. अठरा आणि अठरा. माळढोकरावांना एकही फाउल शोधावा लागला नाही. "किती सुधारली ही ठिपकेवाडीची मुलं!" ते कौतुकाने सगळ्यांना सांगत होते.

शेवटच्या मिनिटाला चेंडू टिकलीकडे आला. वाटेत धोंडूचा धाकटा भाऊ उभा होता. हे एवढंसं पिल्लू, अंगावरचे पट्टेही अजून गेले नव्हते. टिकलीने डोकं खाली घातलं, कुशीत, जोरात. पिल्लू हवेत उडालं आणि मैदानाबाहेरच्या दगडावर आपटलं. काहीतरी कडकन वाजलं. रानडुकराच्या पिल्लाचा पाय अजून जाड झालेला नसतो.

माळढोकरावांनी उजवी पिशवी चाचपली. तिच्यात डावीइतकेच अठरा चिंचोके आधीच पडले होते. मग त्यांनी शिट्टी वाजवली नाही. टिकलीने गोल केला. ठिपकेवाडी जिंकली. मैदान मिळालं.

पुढच्या सत्रात धोंडूच्या भावाचं नाव हजेरीत नव्हतं.

चितळांची धाकटी पोरं तळ्याकाठच्या गवतात उड्या मारत होती. टिकली कडेला उभी होती. मैदानात पाऊल टाकायला ती तयारच होईना. तिला समजवायला माळढोकराव मुद्दाम चालत आले.

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी," ते मायेने म्हणाले. "तुझी बहीण गेली, त्याचा भाऊ गेला. एक आणि एक."

आणि त्यांनी दोन्ही पिशव्यांत एकेक चिंचोका टाकला.

*तात्पर्य :* मुलांनो, कधीही स्वच्छ खेळू नये. पंचांना फार शोधावं लागतं, आणि या वयात त्यांची मान अवघडते.