मेश्राम सरांचा अर्धा कप

मेश्राम सरांच्या घरी चहा अर्धा कपच मिळतो. सोसायटीचा सेक्रेटरी असो की नागपूरहून आलेला सख्खा साडू, कप अर्धा. पहिल्यांदा मला तो चिक्कूपणा वाटला. मी पुण्याचा असल्यामुळे या विषयातला अधिकार माझ्याकडे आपोआप येतो.

"कमी डोस, मग रिपीट," सर म्हणाले. "सगळ्यांना सारखा. तरच तुलना होते नं, पाटणकर."

सर गुरुग्रामच्या एका औषध कंपनीतून निवृत्त झाले आणि जवळच्याच द्वारकेत माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, राहायला आले. नवं रसायन माणसाच्या पोटात गेल्यावर किती शोषलं जातं, रक्तात किती वेळ टिकतं, यकृत त्याची विल्हेवाट कशी लावतं, हे शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. उत्तम काम आहे. निवृत्तीनंतर ते थांबवायचं असतं, एवढंच त्यांना कोणी सांगितलं नाही.

"औषध शरीराला काय करतं ते सगळेच विचारतात. शरीर औषधाला काय करतं ते कोणी विचारत नाही!" अशी त्यांची कायमची हळहळ. लिफ्टमध्ये डोकं दुखतंय म्हणायची सोय नाही. "गोळी रिकाम्या पोटी घेतली? किती वाजता?" आठवा मजला येईपर्यंत माझं यकृत त्यांच्या ताब्यात असतं. हळदीचं दूध पिऊन बरं वाटलं, असं माझी बायको एकदा म्हणाली. सर मंद हसले आणि ठेवणीतलं वाक्य काढलं, "बरं वाटणं हा पुरावा नाही."

गणपतीत तर त्यांनी कहर केला. मंडळात कोणीतरी घरगुती पाचक रस आणला होता. सरांनी दोन बाटल्या भरल्या, ए आणि बी. एकीत पाचक, दुसरीत नुसतं गुळाचं पाणी, आणि कुठल्या बाटलीत काय ते फक्त सरांना ठाऊक. प्रत्येकाने दर अर्ध्या तासाने ढेकर आली का ते फॉर्मवर लिहायचं. आरतीनंतर निकाल जाहीर झाला. सगळ्यात जास्त ढेकरा गुळाच्या पाण्याने आल्या होत्या आणि त्यातल्या सहा माझ्या होत्या. त्यानंतर महिनाभर मी जिन्याने ये-जा केली.

सरांच्या पत्नी, सुषमा वहिनी, यांना कंपवात आहे. उजवा हात थरथरतो. सहा महिन्यांपूर्वी एका नव्या औषधाच्या चाचणीत त्यांचं नाव लागलं. निम्म्या रुग्णांना खरं औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही.

गेल्या रविवारी मी त्यांचा डबा परत द्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. वहिनी आतल्या खोलीत बुद्धवंदना म्हणत होत्या. सर टेबलाशी बसले होते, समोर रिकामी बशी, चिमटीत एक कॅप्सूल.

"सोफ्याखाली सापडली," चोरी पकडली गेल्यासारखे ते म्हणाले. उरलेली प्रत्येक कॅप्सूल मोजून परत करायची असते, हा नियम त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे रसायन कडू जहर असतं, पाटणकर. खोटी असेल तर आत नुसता स्टार्च. उघडून जिभेला लावली की कळतं."

"मग लावा की!" मी शास्त्रज्ञ नाही.

"कळलं तर माझ्या चेहऱ्यावर दिसेल. छत्तीस वर्षं ती तोच वाचते आहे. खोटी निघाली, तर आता जे थोडं बरं वाटतंय तेही जाईल तिचं."

त्यांनी कॅप्सूल परत औषधाच्या बाटलीत टाकली आणि झाकण घट्ट लावलं. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल इतकी माया वाटली की सहाही ढेकरा मी माफ केल्या.

वहिनी बाहेर आल्या. सरांनी चहा आणला, तिघांनाही अर्धा अर्धा कप. वहिनींनी कप उचलला, हात थरथरला, चहा हेलकावत काठापर्यंत आला आणि न सांडता खाली गेला. आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्यांचेच कप अर्धे असले की एकीचा अर्धा आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मी गेली दोन वर्षं खालच्या मजल्यावर बसून या माणसाला चिक्कू म्हणत होतो.

"आज हात बरा वाटतो हो," वहिनी म्हणाल्या. "या वेळी पूर्ण भरा नं."

मी सरांकडे पाहिलं. आता ते ठेवणीतलं वाक्य येणार, याची मला खात्री होती.

"अच्छा? बिल्कुल," सर म्हणाले आणि त्यांनी किटली उचलली. कप काठोकाठ भरला, थोडा चहा बशीत सांडला.

"अहो, हळू," वहिनी म्हणाल्या. "तुमचाच हात थरथरतोय."