भिंतीतला पलंग आणि गोदूबाईंची अगोट

घरात जागा कधीच कमी नसते, डोकं कमी पडतं, असं महिपतचं ठाम मत होतं. स्वतःच्या डोक्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तो शाळेत गणित शिकवायचा!

प्रश्न आईचा होता. रेवदंड्याचं घर गोदूबाईंना आता एकटीनं झेपेना, म्हणून त्या दोघा मुलांपैकी एकाकडे कायमच्या येणार होत्या. धाकट्या अल्पेशचा पनवेलला टू बीएचके, वर लिफ्ट. महिपतचं अलिबागला वन रूम किचन, तिसरा मजला, वर फक्त पाण्याची टाकी. पण आई थोरल्याकडेच राहिली पाहिजे, या मुद्द्यावर त्यानं अख्खी मे महिन्याची सुट्टी पणाला लावली.

"पलंग उचलून भिंतीत बसवायचा," त्यानं बाळाजी मिस्त्रीला समजावलं. "दिवसा हॉल, रात्री आईची खोली."

"सर, पलंग पाडला का दार वीतभरच उघडंल."

"झोपल्यावर दार उघडायचंच कशाला?"

बाळाजीनं पेन्सिल कानामागे खोचली आणि टेप काढली. महिपतशी वर्गातही कुणी वाद घालत नसे.

महिनाभर ठोकाठोक चालली. टेबल भिंतीला चिकटलं, चपला पायरीच्या पोटात शिरल्या. "अहो, माझा मिक्सर कुठल्या भिंतीत गेला?" असं बायको, पूनम, रोज विचारू लागली. महिपतनं आईची उंची मोजली, ट्रंक मोजली, देव्हारासुद्धा मोजला.

फक्त अगोट मोजायची राहिली.

अगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मासेमारी बंद व्हायच्या आत घर असं भरायचं, की चार महिने बाजाराचं तोंड बघायला नको. गोदूबाई टेम्पोतून उतरल्या आणि मागोमाग उतरले सुक्या बोंबलांचे दोन भारे, जवळ्याचं पोतं, मसाल्याच्या बरण्या, कांद्याच्या माळा आणि चिंचेचा गोळा, नारळाएवढा!

"आई, तू एकटीच येणार होतीस ना?"

"मंग? दुसरं कोन हाय माझ्यासंगं?"

महिपत कांद्याच्या माळा आणायला खाली गेला. तेवढ्यात पूनमनं सासूला कौतुकानं पलंग पाडून दाखवला. पलंगामागे हातभर खोल, कोरडा, काळोखा कोनाडा बघून गोदूबाईंचे डोळे चमकले. बाळाजीनं तिथं पलंगाच्या पट्ट्यांसाठी मजबूत हुक ठोकले होते. दहा मिनिटांत त्यावर बोंबील लटकले.

महिपत धापा टाकत वर आला. दार वीतभर उघडलं आणि अडलं.

"आई, पलंग वर कर!"

"आनि बोंबलांचा चुरा करू? खुळा झालास का रं?"

"अगं, मी आत कसा येऊ?"

"पोट आत घे."

महिपतनं पोट आत घेतलं. पोटाला ते पटलं नाही. शेवटी तो दाराच्या फटीतून समजावू लागला. जिन्यात शेजारी जमले. कुणीतरी विळी आणून दिली, कशासाठी ते कळलं नाही.

"हे बघ आई, त्या भिंतीत एकतर पलंग राहील, नाहीतर बोंबील. दोघांना जागा नाही! तूच ठरव."

आई गहिवरून पलंग वर करील, याची त्याला पक्की खात्री होती. आतून उत्तर लगेच आलं. अगदी लगेच.

"पोरा, जागा लय झ्याक केलीस," गोदूबाई म्हणाल्या. "अल्पेशकडं असा कोनाडा न्हाय. बोंबील हितंच ऱ्हाऊ दे. मी जाते पनवेलला."

आणि पदर खोचून त्या वीतभर फटीतून सुळकन बाहेर आल्या.

महिपत मात्र अजूनही सगळ्यांना ठासून सांगतो, की आईनं त्याच्याच घराला पसंती दिली. पनवेलहून रोज सकाळी तिचा फोन येतो. "बोंबलांना वारा लागतो ना रं? दमट न्हाय ना झाले?"

परवा तर तिनं फोन ठेवता ठेवता त्याचीही तब्येत विचारली.