सुपडू नानांचा खरा पांढरा

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे सुपडू नाना इस्त्री उलटी ठेवतात, तिचं बटण 'कॉटन'वर फिरवतात आणि तिच्या तापलेल्या तळावर बॅटरीतला एलईडी भाजतात. स्वतः मात्र चुरगळलेला शर्ट घालून हिंडतात. घरात रोज इस्त्री तापते आणि अंगावर कधी इस्त्रीचा कपडा नाही, असा माणूस अख्ख्या धरणगावात दुसरा नसेल.

बॅटरी म्हणजे हातात धरायची, शेतात न्यायची. बाजारातून आणलेली नवी बॅटरी नानांना बघवत नाही. ते तिचं डोकं पिळून काढतात, मग काच, मग आतली चकचकीत वाटी. खाली रुपयाएवढी ॲल्युमिनियमची चकती असते आणि तिच्यावर डाळीएवढा एलईडी. नाना त्याला 'दाणा' म्हणतात. चकती इस्त्रीवर ठेवली की दाण्याखालचं कथील वितळतं. जुना दाणा चिमट्याने उचलायचा, नवा ठेवायचा आणि तो आपल्या जागेवर बसेपर्यंत श्वास रोखायचा. मग बॅटरी जुळवून भिंतीवर उजेड पाडायचा, मान तिरकी करून बघायचं आणि म्हणायचं, "नही भो. पिवया शे."

उजेड पिवळा ठरला, की पुन्हा डोकं पिळायचं.

"उजेडले इमान पाह्यजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पांढरा म्हणजे पांढरा दिसला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. तो त्यांना अजून कुठल्याच दाण्यात सापडलेला नाही. जळगावच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून ते दर वेळी आधीच्यापेक्षा निळसर दाणा मागवतात. आता गल्लीतल्या सगळ्यांच्या बॅटऱ्या त्यांच्या हाताखालून गेल्यात, आणि दिवे गेले की आमची गल्ली मयताला जमल्यासारखी दिसते. माझ्या पुतणीच्या हळदीला मांडवातली वीज गेली, तेव्हा नानांनी मोठ्या प्रेमाने बॅटरी मारली. हळदीने माखलेली पोरगी हिरवट-राखाडी दिसायला लागली. नवऱ्या मुलाची मावशी माझ्या बायकोला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "सुमनताई, मुलीला काही दुखणं तर नाही ना? आत्ताच सांगून टाका." नाना मागून म्हणाले, "आते दिखस खरा रंग."

तरी हे सगळं मी हसून सोडलं असतं. माझं आणि नानांचं भांडण वेगळं आहे.

मी कापसाचा व्यापारी. सायकलच्या कॅरिअरला वजनकाटा बांधून गावोगाव फिरलो, तिथून ट्रकपर्यंत आलो. कुणी हात दिला नाही, मीही कुणाला पहिल्या बोलीला हो म्हटलं नाही. हातगाडीवर केळी घेतानासुद्धा मी एकदा पाठ फिरवून चार पावलं जातो. नाना तेव्हा इथल्याच एका सरकी काढायच्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. आलेला कापूस मुठीत घ्यायचा, सूर्याकडे पाठ करायची, बोटांनी तार ओढून बघायची आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. त्यांनी 'पांढरा' म्हटलं की पांढरा. त्यांच्या डोळ्यापुढे मालकाचंही चालत नसे.

ते निवृत्त झाले त्या हंगामात माझा ट्रक आत गेला. मी स्वतः निवडून भरलेला माल. नानांनी मूठ भरली, आभाळाकडे धरली आणि भरल्या आवारात म्हणाले, "पिवया. लई जा."

माल परत न्यायचा म्हटल्यावर मी ओरडलो, ट्रकच्या टपावर चढलो, आईबापाची शपथ घेतली. नाना ढिम्म. हमाल हसले, व्यापारी हसले. त्या दिवसापासून मी 'पिवळे शेठ' झालो. लग्नात पंगतीला बसलो की वाढपी ओरडतो, "पिवळ्या शेठला वरण." तुरीच्या वरणाला बोलावताना याहून दुसरं नाव सापडत नाही यांना! आणि ज्याने हे नाव दिलं तो माणूस रोज सकाळी ओट्यावर बसून मला विचारतो, "काय गोकुळ, च्या झाला का?"

एकदा त्यांनी माझीही बॅटरी भाजून दिली. मी ती घेऊन एका खेड्यात संध्याकाळी माल बघायला गेलो. कापूस दुधासारखा दिसला, घासाघीस करून घेतला. सकाळी दारात पोती सोडली तर सगळा पिवळट. मी मूठभर कापूस घेऊन तसाच नानांच्या ओट्यावर गेलो.

"नाना, माझा पांढरा माल तुम्ही पिवळा केला, आणि आता पिवळा मला पांढरा दाखवता?"

नाना हसले नाहीत. माझ्या मुठीतून एक पुंजका उचलून बोटांत फिरवत राहिले. मग विचारलं, "तुले हाऊ पिवया दिखस? आन् तो बॅटरीमा धवया दिखना?" मी म्हटलं, बॅटरीत पांढरा आणि उन्हात पिवळा, आंधळ्यालाही दिसेल. त्यांनी पुंजका खिशात टाकला आणि आत गेले.

नानांची मुलगी लता सुरतेला असते. नानी गेल्यापासून ती मलाच फोन करते. तिच्या आग्रहाखातर मी नानांना माझ्या गाडीतून जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला म्हणाले, "मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. फार सावकाश वाढलाय, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नसेल. यांना पांढरं सगळं कितीतरी वर्षं पिवळटच दिसत असणार."

खरं सांगतो, मला तिथेच पेढे वाटावेसे वाटले. कितीतरी वर्षं! म्हणजे माझा माल पांढरा होता. धरणगावात जाऊन एकेकाला गाठायचं, टपावर चढून सांगायचं, असं मनात ठरवत मी वळलो. नाना मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. परतीच्या वाटेवर पेढ्यांचं दुकान लागलं, तिथे मी गाडी थांबवली नाही.

ऑपरेशनची तारीख त्यांनी टाळली. मग दुसरी टाळली. "हाऊ दाना बसू दे, मंग पाहू." लता फोनवर रडायला लागली, तेव्हा मी चिडून भर दुपारी त्यांच्या घरात घुसलो. दार-खिडक्या बंद, भिंतीच्या फटींना गोणपाट, मध्ये उलटी इस्त्री. नाना जमिनीवर बसले होते. नुकती जुळवलेली बॅटरी एका हातात, आणि समोर बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात कापसाची एक मूठ.

"नाना, हा कोणाचा माल?"

"तुना."

त्या दिवशी आवारात भरलेली मूठ त्यांनी फेकली नव्हती, खिशात घातली होती. मी एवढा ओरडलो म्हणून त्यांना घरी जाऊन पुन्हा बघायचं होतं. तेव्हापासून ते बघतच होते. गल्लीतल्या सगळ्या बॅटऱ्या, ते निळे दाणे, ती इस्त्री, सगळं या एका मुठीसाठी होतं.

मी म्हटलं, "मग ऑपरेशन करा ना! स्वच्छ दिसेल."

"दिसी तं खरं," नाना म्हणाले. "त्यानंच भ्याव वाटस. तू एकलाच व्हता का? त्या साली कितला जणसना माल मी परत धाडा."

डब्यातला कापूस इतक्या वर्षांत पिवळा पडला होताच. ठेवलेला कापूस पडतोच, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. आता त्या मुठीतून काही कळणार नव्हतं. कुठलाही दाणा लावला तरी नाही. त्यांनी बॅटरी खाली ठेवली.

"आतेनं सोड. तवय तू उन्हामा पाह्यं व्हतं. खरं सांग, गोकुळ. धवया व्हता का पिवया?"

याच प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघत होतो.

"पिवळाच होता, नाना," मी म्हटलं.

नाना माझ्याकडे बघत राहिले. अंधारात त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

"इतल्यात मानी लिधं? तू तं केयं बी पहिल्या बोलीले लेत नही."

मी चरकलो. घाईघाईने म्हटलं, "म्हणजे, सगळा नव्हता पिवळा. कडेकडेचा होता. वरचा थर. मधला थोडा बरा... थोडा तर पिवळा होताच, नाना, थोडा तरी धरा."

"ऱ्हाऊ दे, भाऊ," नाना म्हणाले. "सौदा व्हई गया." आणि हात लांब करून त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

ऑपरेशन त्यांनी अजून केलेलं नाही. लताला काय सांगावं मला कळत नाही. बाजारात मी कुणालाच गाठलं नाही. आता गल्लीत कुणी 'पिवळे शेठ' म्हणून हाक मारली आणि नाना ओट्यावर बसलेले असले, की मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओ देतो. नाना मान वर करत नाहीत. कुणाची तरी बॅटरी मांडीवर घेऊन तिचं डोकं पिळत असतात.