कमलाकरने बसवलेला पंखा

डॉक्टरांनी कमलाकरची छाती तपासली आणि औषध लिहायच्या आधी घराचीच चौकशी सुरू केली. खिडक्या उघडता का? नाही, समोर टॉवरचं काम चालू आहे, धूळ येते. पावसात कपडे कुठे वाळवता? हॉलमध्ये. भिंतीला बुरशी? होती कपाटामागे थोडी, आता छताला टेकलीय.

"म्हणजे खोकला तुम्हाला नाही, घराला झालाय," डॉक्टर म्हणाले. "हवा खेळू द्या घरात. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवा."

पनवेलमध्ये इलेक्ट्रिशियनचा काही दुष्काळ नव्हता. पण कमलाकरला आपल्या हातांचा भारी अभिमान. शनिवारी सकाळी तो स्टुलावर चढला, सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं जिथे उघडतात त्या डक्टकडच्या झरोक्यात त्याने पंखा ठोकून बसवला आणि बटण दाबलं. गार वारा थेट तोंडावर आला.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "एसी झक मारेल."

"अहो, एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर टाकतो ना?" भामा म्हणाली. "मग वारा आपल्या तोंडावर कसा?"

"आधी आत येईल, तेव्हाच बाहेर जाईल ना?"

भामाने यावर थोडा विचार केला आणि सोडून दिला. इतक्या वर्षांच्या संसारात ती तेवढं शिकली होती. कमलाकरच्या आईने, गंगाबाईंनी, मात्र आपला पाट उचलून पंख्याखाली मांडला. "हवा चांगली हाय," म्हणाल्या, आणि जपमाळ घेऊन तिथेच बसल्या. दुपारी सगळे बाजारात गेले, लेकीला, रियाला, साडी घ्यायला, तेव्हाही म्हातारी पंख्याखालून हलली नाही.

साडीचं कारण असं, की पुढच्या शनिवारी रियाला बघायला येणार होते. बघायचं कसलं, ती आणि प्रणित खारघरच्या कॉलेजात एकत्र शिकले होते आणि त्यांचं आपापसात कधीच ठरलं होतं. अडलं होतं ते प्रणितच्या वडिलांवर. विनायकराव उरणकडचे, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्याकडे हे स्थळ सुचवलं होतं खालच्या मजल्यावरच्या जगनने. जगन एकटा राहायचा, सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि विनायकरावांचा आतेभाऊ. त्यानेच निरोप आणला होता, "त्यांची अट एकच हाय. एरवी मासळी खा, पन श्रावण पाळनारं घर पायजे."

पाळत होतेच. श्रावण लागल्यापासून भामाने घरात सुकटीचा डबासुद्धा ठेवला नव्हता.

शनिवारी पाहुणे आले. विनायकराव, त्यांची बायको आणि प्रणित. जगनचं पोट बिघडलं होतं म्हणे, तो काही वर आला नाही. पोहे झाले, ओळखी निघाल्या. प्रणित सारखा स्वयंपाकघराच्या दारातून वर बघत होता. "काका, तो पंखा..."

"मीच बसवला," कमलाकर म्हणाला.

तेवढ्यात वास आला.

आधी फोडणीचा. मग त्यामागून ओळखीचा, खमंग, तोंडाला पाणी सुटेल असा. श्रावणातल्या शनिवारी माळकऱ्यासमोर सुकी मासळी शिजत होती. कमलाकरच्या हातातला चहा बशीत सांडला. तो धावत आत गेला. गॅस बंद. ओट्यावर पोह्यांची कढई. रिया भिंतीला टेकून उभी, डोळे भरलेले.

"बाबा, आपल्याकडचा वास नाहीये हा," ती म्हणाली. "पण त्यांना कोण सांगणार? संपलं सगळं."

वास बाहेर घालवायला घरात एकच यंत्र होतं. कमलाकरने रेग्युलेटर फिरवून पंखा पूर्ण वेगात सोडला. वास दुप्पट झाला. त्याने उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवून पंख्यापुढे धरला, तर सगळा धूर सरळ पाहुण्यांच्या तोंडावर गेला आणि प्रणितची आई खोकून खोकून बेजार झाली. मग त्याला डॉक्टरांचे शब्द आठवले. त्याने हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. घरात हवा खेळू लागली. डॉक्टर म्हणाले होते तशीच खेळली, आणि होता नव्हता तो वास स्वयंपाकघरातून ओढून तिने हॉलभर पसरला.

विनायकराव डोळे मिटून बसले होते. देवाचं नाव घेत असावेत असं भामाला वाटलं.

"सोडे हायत," ते हळूच म्हणाले. "वांग्यातले. कोकम नाय परलं अजून."

बायकोने त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं.

"म्हंजे, गल्यात माल घालायच्या आदीची आठवन," ते म्हणाले.

कमलाकरचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याला आपली अब्रू वाचवायची होती, पोरीचं लग्न वाचवायचं होतं. "विनायकराव, माझ्या घरात गॅस बंद आहे. चला माझ्याबरोबर. कोणाचा वास आहे ते तुमच्या डोळ्यांनी बघा."

"जाऊ द्या. कशाला?"

"नाही, चलाच."

त्याने पाहुण्यांचा हात धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच जिना उतरवला. एका मजल्यावरच नाक थांबलं. दार होतं जगनचं. कमलाकरचा विश्वास बसेना. सोसायटीचा सेक्रेटरी, स्थळ आणणारा माणूस, आणि श्रावणात? त्याने बेल दाबली.

दार उघडलं. जगनच्या हातात पळी होती, पोट अगदी ठणठणीत दिसत होतं. त्याला समोर आधी विनायकराव दिसले.

"विनू, लवकर आलास रं," तो म्हणाला. "कोकम टाकायचा रायलाय. बस, भाकऱ्या तयार हायत तुज्या."

मग त्याला मागे कमलाकर दिसला. पळीतला रस्सा फरशीवर ठिबकला.

विनायकरावांनी माळ चाचपली, ती सदऱ्याच्या आत सारली, परत बाहेर काढली. माळ बायकोने घालायला लावली होती, आणि तिला सांगितलेलं शनिवारचं भजन जगनकडेच असायचं, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं. शेवटी त्यांनी कमलाकरच्या खांद्यावर हात ठेवला.

"व्याही," ते म्हणाले, "वर काय सांगायचं?"

तो शब्द कमलाकरने बरोबर टिपला. लग्न ठरलं होतं. फक्त कोणाच्या तरी अब्रूवर ते बसवायचं होतं, आणि तिथे अब्रू एकच मोकळी होती, त्याची स्वतःची.

वर जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. पंखा उलटा बसलाय. बाहेरचा वास आत येत होता."

"तेच सांगत होतो, काका," प्रणित म्हणाला.

"पण वास कोणाकडचा?" त्याच्या आईने विचारलं.

"डक्टमध्ये काय कळतंय," विनायकराव घाईने म्हणाले. "मुलगी पसंत हाय आमाला."

भामा नवऱ्याकडे बघतच राहिली. स्वतःची चूक कबूल करताना तिने त्याला आजवर पाहिलं नव्हतं, आणि ज्या लग्नासाठी तो एवढा वाकला ते टिकणारच, अशी तिची तिथेच खात्री पटली. साखर वाटली गेली. पाहुणे गेले. विनायकराव जिन्यात एका मजल्यावर जरा रेंगाळले, पण बायको मागेच होती.

कमलाकरने लगेच स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्टूल पंख्याखाली ओढलं. पाटावर गंगाबाई बसल्या होत्या, डोळे मिटून, बोटांत जपमाळ.

"आई, सरक जरा. पंखा सरळ करतो."

"राहू दे तसाच." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मागच्या शनवारी बोंबलाची चटनी होती जगनकडं, 'विनू, घे अजून' ऐकू आलं वर. आज सोडे. विनायक तर उपाशीच गेला."

कमलाकर स्टुलावरून पडता पडता वाचला. गंगाबाईंनी पदराखालून रिकामी वाटी काढून त्याच्यापुढे धरली.

"जा खाली," त्या म्हणाल्या. "भामाला सांगू नको. ती श्रावण पालते."