अंगठा हलका ठेवा, साडू

माझे साडू दत्तराव हळद शिजवताना कोरियन पोरींची गाणी लावतात.

हे लिहितानाही मला लाज वाटते. पण लपवून उपयोग नाही. हळदीच्या दिवसांत पुसेगावच्या शिवारात कुणीही जावं, कुकरच्या वाफेसोबत ती गाणी कानावर येतातच. बांधावर बाज टाकलेली, बाजेवर घागरीएवढा स्पीकर, आणि शेजारी पांढरा पायजमा घातलेले, वयाची साठी ओलांडलेले आमचे साडू पायाने ठेका धरून बसलेले. हळद वाळत घालणाऱ्या बाया सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायच्या. आता त्याही ठेक्यात हात चालवतात. या पोरी म्हणतात काय ते तुम्हाला कळतं का, असं मी एकदा विचारलं.

"कळत न्हाई म्हणूनच बरं हाय, साडू," ते म्हणाले. "कळणाऱ्या बोलण्यानं आपल्या घरात काय कमी तकलीफ झाली?"

आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरली कौसाक्का त्यांना दिली, धाकटी मला. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन हिंगोलीत राहतो, माझ्याकडे बटणांचा फोन आहे, आणि त्यावर लोक बोलतात ते मला ऐकू येतं. फोनकडून याहून जास्त अपेक्षा मी कधी केली नाही. साडूंना मात्र बाजारात नवीन काही आलं की अंगात आल्यासारखं होतं. एक फोन गाण्यांना, एक खेळाला. कानात पांढरी बुटकुली. मनगटावर घड्याळ, ज्यात वेळ सोडून बाकी सगळं दिसतं.

त्या घड्याळाने एकदा सोयरीकच मोडली असती. माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले होते. वडीलधारे म्हणून साडूंना मधोमध बसवलेलं. देण्याघेण्याचं बोलणं ऐन रंगात आलं आणि घड्याळ थरथरलं. फार वेळ बसून राहिलात, उठा, चाला, असा त्याचा हुकूम. साडू एक अक्षर न बोलता उठले आणि बाहेर गेले. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचा मोठा माणूस रुसला. त्यांच्यातले दोघे समजूत काढायला मागे धावले. साडू अंगणात तुळशीभोवती फेऱ्या मारत होते आणि मनगट डोळ्यांजवळ धरून पावलं मोजत होते. पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी घाबरून दोन मागण्या जागच्या जागी सोडल्या. तेव्हापासून साडू मला ऐकवत असतात की पुतणीचं लग्न त्यांच्या घड्याळाने जमवलं.

मला शहाणं करायचाही त्यांनी प्रयत्न केला. काचेचा फोन माझ्या हातात द्यायचे आणि मी बोट टेकवलं की कळवळायचे. "अंगठा हलका ठेवा साडू. काच हाय, बैल न्हाई." हे वाक्य ते गावात सगळ्यांना ऐकवतात. सरपंचाला ऐकवतात, नर्सबाईला ऐकवतात. कौसाक्काला ऐकवायला गेले तेव्हा तिने लाटणं दाखवून सांगितलं, की माझा अंगठा हलका झाला तर तुमच्या भाकरी कोण थापील.

पण हे सगळं चाललं असतं. खेळाचं व्यसन मात्र मला अगदी असह्य व्हायचं. रोज दिवेलागण झाली की हा माणूस माडीवर जाऊन बसायचा. पाहुणा असो, सणवार असो, घरात वीज असो नसो. फोनमध्ये एक बेट, त्यावर पडकी घरं, आणि माणसं एकमेकांना गोळ्या घालत सुटलेली. मी एकदा मागे उभा राहून पाहिलं. साडूंच्या हातात बंदूक होती पण ते कुणाला मारत नव्हते. मग करता काय, असं विचारलं तर म्हणाले, कमांडरच्या मागं राहतो. त्याला लागलं की पट्टी बांधतो.

हा कमांडर कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्याचे हुकूम मात्र आम्ही ऐकत होतो. कमांडरला ही गाणी आवडतात. कमांडर म्हणतो असलं घड्याळ घ्या. कमांडर म्हणतो केस बारीक करा. एरवी गावभर बडबडणारा हा माणूस खेळताना फक्त "हं" आणि "व्हय" करायचा, तेही कुजबुजत. पुण्या-मुंबईतलं कुणीतरी रिकामटेकडं पोरगं आमच्या साडूला नाचवत असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. तसं तोंडावर बोललोही. साडू हसले आणि म्हणाले, कमांडर सांगते ते बराबर असते.

कधीकधी तर ते मोटारसायकल काढून थेट कनेरगाव नाक्याला जायचे. तिथल्या ढाब्यावर चहा मागवायचे आणि बाकावर बसून खेळायचे. कारण काय, तर तिथं रेंज चांगली. पुसेगावात टॉवर आहे हो. टॉवर सोडून नाक्यावर रेंज शोधायला जाणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात हा एकच.

कौसाक्काने तर बोलणंच टाकलं होतं. तिचं दुःख वेगळं होतं. मुलाचा संसार मोडला आणि सून लेकराला घेऊन वाशिमला माहेरी गेली. समेटाच्या बैठकीत साडू व्याह्यांवर इतके भडकले की त्या घराचं नाव पुन्हा काढणार नाही, असं चारचौघांत बोलून बसले. व्याहीही काही कमी नव्हते. त्यांनी सगळ्यांचे फोन बंद करून टाकले. नातू वेदू, आठ-नऊ वर्षांचा, कौसाक्काच्या मांडीवर वाढलेला. त्याचा आवाजही तिच्या कानावर पडेना. माझ्या बायकोजवळ ती रडायची आणि माडीकडे हात करून म्हणायची, "लेकरू गेलं घरातून, आन हे बघा लेकरू होऊन बसलेत."

तिचं खोटं नव्हतं. मलाही तेव्हा साडूंचा मनापासून राग यायचा.

यंदा गावात सप्ताह बसला. मारुतीच्या देवळाला नवीन ॲम्प्लिफायर घ्यायचा होता, आणि असल्या कामाला दत्तरावांशिवाय दुसरा कोण? त्यांनी मशीन आणलं, शिखरावर भोंगे चढवले आणि बिनतारी जोडणी चालते का, ते स्वतःच्या दोन्ही फोनांवरून तपासलं. म्हणजे देवळातून पहिला आवाज गेला तो कोरियन पोरींचा. मारुतीने काही तक्रार केली नाही. पुजाऱ्याने केली.

सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणा अखंड उभी राहिली पाहिजे, ती जमिनीला टेकवायची नाही. ज्याची पाळी असेल त्याने गळ्यात घालून उभं राहायचं आणि पुढचा आला की त्याच्याच गळ्यात द्यायची. साडूंची पाळी नेमकी दिवेलागणीला आली. ते माझ्याकडे आले. मी सप्ताहासाठी मुक्कामाला होतो. तेवढी पाळी तुम्ही करा म्हणाले. कशासाठी, तर खेळासाठी. देवाच्या दारात हा माणूस खेळासाठी पाळी बदलून मागतो म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी साफ नाही म्हणालो.

"तुमाला कळून न्हाई राहिलं," ते म्हणाले. "मी न्हाई गेलो तर कमांडर दुसरा गडी घेईल. एकदा घेतला की मंग माझी जागा गेली."

गेली तर सुंठीवाचून खोकला गेला, असं मी म्हणालो आणि पानात सुपारी टाकली.

हरिपाठ आटोपला होता. कीर्तनकार जेवायला गेले होते, मशीन चालूच होतं. साडू वीणा गळ्यात घालून उभे होते, एक हात वीणेवर, दुसऱ्यात चिपळ्या. मी समोरच बसलो होतो. त्यांच्या खिशात फोनचा उजेड दिसत होता आणि एका कानात बुटकुलं होतं. म्हणजे खेळता येत नसलं तरी हजेरी लावलेली. मी मान फिरवली.

थोड्या वेळाने त्या बुटकुल्याची बॅटरी संपली असावी. फोनने जुनी ओळख काढली आणि सरळ देवळाच्या मशीनला जाऊन चिकटला. चारी भोंग्यांतून धडाड गोळीबार सुरू झाला. पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. कुत्री पळाली. पुजारी माझ्याकडे बघायला लागला, जणू बंदूक माझ्या हातात होती.

साडूंनी फोन बंद करायचा, तर एका हातात वीणा, दुसऱ्यात चिपळ्या. ते तसेच उभे. मी दात-ओठ खात उठलो आणि वीणा घ्यायला पुढे झालो. तेवढ्यात भोंग्यांतून एका पोराचा आवाज आला.

"आबा, तुम्ही काहून हलून न्हाई राहिले? हात दुखतात का?"

अख्ख्या गावाने तो आवाज ओळखला.

"हलू नका मंग. तिथंच उभे राहा, मी येऊन राहिलो. तुम्हाला कोणी मारत न्हाई, मी हाय ना."

देवळाच्या मागे बायका महाप्रसादाच्या पोळ्या लाटत होत्या. कौसाक्का तिथून पिठाच्या हातांनी आली. सभामंडपात आली नाही. कोपऱ्यावरच्या भोंग्याखाली थांबली आणि वर बघत राहिली.

मी वीणेला हात घातला. द्या इकडे आणि ते बंद करा, असं म्हणालो. साडूंनी वीणा घट्ट धरली.

"राहू द्या, साडू. ती ऐकून राहिली."

कोणतं बटण कुठे आहे ते जिल्ह्यात सगळ्यात जास्त या माणसाला कळतं, आणि त्याने एकही दाबलं नाही. हळू आवाजात मला म्हणाले, "समद्यायचे फोन बंद झाले. गेमातली दोस्ती तोडायचं त्यायच्या ध्यानातच आलं न्हाई. हितं मांडीवर बसून त्यानंच मला शिकवला होता हा गेम. घरात सांगितलं असतं तर ही एक दिस बी दम धरली नसती. वाशिमला कळलं असतं, आन हे बी गेलं असतं."

मला कनेरगाव नाका आठवला. तिथून वाशिम किती जवळ आहे ते मला माहीत होतं.

भोंग्यांतून पुन्हा आवाज आला. "आबा, आज्जी काय करून राहिली?"

साडूंनी कौसाक्काकडे पाहिलं. ती पुढे आली आणि नवऱ्याच्या खिशाजवळ तोंड नेलं. सगळा गाव ऐकत होता, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"पोळ्या लाटून राहिले रे राजा."

पलीकडे गोळीबार चालू होता. पोराचा आवाज अगदी बारीक झाला. "आज्जी, तू बी खेळतीस का?"

"व्हय," कौसाक्का म्हणाली. "आजपासून."

मी साडूंच्या गळ्यातून वीणा काढून माझ्या गळ्यात घातली. या वेळी त्यांनी दिली. पुजारी मशीन बंद करायला निघाला होता, त्याला पारावरच्या म्हाताऱ्यांनी हाताला धरून खाली बसवलं. कीर्तनाला उशीर झाला तो झाला. मला चिपळ्यांचा ताल धड जमत नाही, तरी मी उभा राहिलो. दोघं नवरा-बायको पायरीवर जाऊन बसले. फोन तिच्या पिठाच्या हातात होता, आणि साडू तिचं बोट धरून शिकवत होते.

"अंगठा हलका ठेव."

कौसाक्काने ठेवला.