गोजाबाईंचा सतरावा सोमवार

गोजाबाईंनी चिंचवडात अंगणातून हाक मारली, की पवनेपलीकडची म्हैससुद्धा रवंथ थांबवून वर बघे. त्रेपन्न साली याच बाईंनी, लेकीला सिस्टरांच्या हायस्कुलात प्रवेश मिळावा म्हणून महादेवाचे सोळा सोमवार धरले, आणि तेही मुके! दिवेलागणीपर्यंत अवाक्षर नाही. पंधरा सुखरूप पार पडले. सोळावा उजाडला आणि शाळेचं बोलावणं आलं : आज दहाला पालकांसह या.

यजमान अर्जुनराव पहिल्या पाळीला गेलेले.

"आये, आजच्या दिस बोल की गं!" शेवंता रडकुंडीला आली.

बोललं तर महादेव कोपणार, न बोललं तर शाळेच्या मुख्य मदर! गोजाबाईंनी पदर खोचला आणि मुकाट चालू लागल्या.

कचेरीत टेबलामागे मदर, शेजारी वसईकडच्या सिस्टर रोजा.

"मुलीचं नाव सांगा, बाई," मदर म्हणाल्या.

गोजाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, वर आभाळाकडे हात जोडले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बोलता येत नाही का हो?" सिस्टर रोजांनी विचारलं.

आज येत नाही, अशा अर्थानं गोजाबाईंनी मान हलवली. तिथंच घात झाला.

"अगं माझे माये! मुकी आहे बिचारी!" सिस्टरांचे डोळे भरून आले.

"न्हाई वो, ती नुसती सोमवारी..." शेवंता बोलायला गेली, तोच मदरनी प्रवेशाच्या कागदावर सही केली. गोजाबाईंनी लेकीला असा चिमटा काढला, की तिचं वाक्य 'आई गं'वरच संपलं.

प्रवेश झाला, पण पंचाईतही झाली. खरं कळलं तर नाव काढतील, म्हणून गोजाबाई शाळेच्या फाटकापुढून रोजच मुक्यानं जाऊ लागल्या. सिस्टर रोजा लांबून ओरडत, "पोरी तुमच्या वाचेसाठी प्रार्थना करतात हो!"

पंधरवड्यानं बाजारात मात्र गोजाबाईंना राहवलं नाही. "ही वांगी हायेत का खुळखुळे? नुसत्या बियाच वाजत्यात!"

मागे टोपली पडल्याचा आवाज आला. सिस्टर रोजा भररस्त्यात गुडघ्यांवर. "चमत्कार! चमत्कार झाला!"

अर्ध्या तासात शाळेची घंटा घणघणली, पोरींना सुट्टी मिळाली आणि गोजाबाईंच्या पाया पडायला आळीत रांग लागली. शेजारच्या अंबुबाई तेवढ्या चक्रावल्या. "गोजे, मुकी कवा झालीस गं? कालच तर नळावर भांडलो आपण!"

गोजाबाई धावतच मदरकडे गेल्या आणि सगळं एका दमात ओकल्या. "पाप माझं हाय. पोरीला काढू नका!"

मदर हसल्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं. मुकं माणूस घड्याळाकडे कशाला बघेल? आम्हीही वर्षातून आठ दिवस मौन पाळतो. शेवटी शेवटी माझेही डोळे घड्याळावरच असतात."

"मग परवेश का दिला वो?"

"त्या दिवशी तीस आया येऊन गेल्या होत्या, बाई. तुम्ही एकट्याच गप्प होतात."

गोजाबाईंनी सुटकेचा असा निःश्वास टाकला, की खिडकीची तावदानं थरथरली.

तावदानांकडे बघत मदर हळूच म्हणाल्या, "पालकसभा मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठेवते."

"पर माझं सोळा झालं की वो!"

"सतरावा धरा."