तिसरं पोतं

बोरकुटे सर तुमच्या घरी आले, तर त्यांना "बसा" म्हणण्याची घाई करू नका. ते आधी खुर्ची उलटी करतील, चारही पायांवरून बोट फिरवतील, मग ती सुलटी ठेवून तळहाताने दाबतील आणि विचारतील, "भार कुठी जाते?" समाधान झालं, तरच टेकतील. माझ्याकडची हिरवी प्लास्टिकची खुर्ची त्यांनी कधीच नापास करून टाकली आहे. "मागच्या पायाले चीर आहे, दिलीप. एक दिवस न सांगता जाईन हे," असं म्हणून ते माझ्याकडचा चहा उभ्यानेच पितात.

नागभीडला आमची घरं भिंतीला भिंत लावून. सर तंत्रनिकेतनात मेकॅनिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवायचे. रिटायर झाले म्हणजे फक्त हजेरी घेणं थांबलं. शिकवणं चालूच आहे, आणि त्यातून आमच्या गल्लीतलं कोणी सुटलेलं नाही. भाजीवालीला हातगाडीवर भोपळे कुठे ठेवायचे हे त्यांनी शिकवलंय. त्यांच्या स्वतःच्या घरात लोणच्याची बरणी फळीच्या मध्यावर ठेवायची सोय नाही. काकू कावतात, "अख्खा जनम गेला माहा, पण लोणचं काही मधात आलं नाई."

एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना सर ओरडले, "थांबा!" भटजी थांबले, बँड थांबला. नवरीच्या बापाला वाटलं, नवरदेवाचं आधीचं लग्न निघालं. सरांनी मांडवाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "इथी तिरपा बांबू काऊन नाई?" बांबू आणला, बांधला, सरांनी तो हलवून पाहिला आणि मग म्हणाले, "आता लावा लग्न." तेव्हापासून गावातली मंडळी पत्रिकेवर हाताने लिहून देतात, 'सरांनी आदल्या दिवशीच यावे.'

हे सगळं मी हसत हसत सांगतो. पण त्यांच्या छपरीत एक झुला आहे, त्याच्याकडे बघून मला हसू येत नाही.

सागाच्या तुळईला दोन कड्या, त्यात साखळ्या आणि खाली रुंद पाट. सरांनी तो शुभांगीसाठी, त्यांच्या एकुलत्या एका लेकीसाठी, बांधला होता. ती त्यावर बसूनच अभ्यास करायची. बापाची भाषा तिला बाराखडीसोबतच आली. शेजारणीच्या नव्या बांगड्या बघून ती "किती भार सोसतील?" असं विचारायची, आणि सर अख्ख्या गल्लीला ते कौतुकाने सांगत फिरायचे.

मग मोठी झालेली शुभांगी एक दिवस प्रशांतला आणि त्याच्या आईवडिलांना घरी घेऊन आली. हैदराबादला नोकरी करणारा, हिशेबनीस, सालस मुलगा. काकूंनी पोहे केले. सरांनी त्याला बसूच दिलं नाही. एका हातात खडू घेतला, दुसऱ्यात तार. "हे पाह्य. खडू वाकत नाई, टक्कन तुटते. तार वाकते, ताणते, सांगून तुटते. तू यातला कोन?"

प्रशांत बिचारा हसला. "सर, मी अकाउंटंट आहे."

सरांनी खडू मोडला आणि त्याच्या आईवडिलांसमोर निकाल दिला. "ठिसूळ."

पोहे तसेच राहिले. शुभांगीने त्याच्याशीच लग्न केलं, आणि जाताना दारात उभी राहून म्हणाली, "ज्या दिवशी याले या घरात बसाले जागा द्यान, त्या दिवशी येईन." ती तिच्या बापाचीच लेक. आजवर आलेली नाही.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सर झुल्यावर धानाचं एक पोतं ठेवतात, हलका झोका देतात आणि कान देऊन कड्यांचा आवाज ऐकतात. झुल्यावर कोणाला बसू मात्र देत नाहीत. मला वाटायचं, रिटायर माणसाचा चाळा आहे. मग एके रविवारी पोत्याशेजारी एक छोटी थैली आली.

ती काय आहे, हे मला काकूंच्या फोनमुळे कळलं. काकू शुभांगीशी बोलत होत्या. सर शेजारी उभे. फोन हातात घेत नव्हते, पण काकूंना कोपराने ढोसत होते. "विचार ना, पोरीचं वजन किती झालं?" काकूंनी विचारलं. पुढच्या रविवारी थैली थोडी फुगली होती. मी कुंपणावरून बघत होतो, तर सर म्हणाले, "वाढून राह्यलं ना लेकरू. हातचं थोडं राखाच लागते." त्या नातीला त्यांनी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

गेल्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. एक भरलेलं पोतं त्यांना एकट्याने उचलवत नव्हतं. झुल्यावर शुभांगीचं पोतं होतं, नातीची थैली होती.

"हे कोनाचं, सर?" मी विचारलं.

"जावयाचं." ते पोत्याचं तोंड पुन्हा पुन्हा बांधत राहिले. "त्याले ठिसूळ म्हनलो होतो मी. पोरीनं एक शब्द बोलला अन् मी टक्कन तुटलो. खडू तं मीच निंगालो, दिलीप."

आम्ही दोघांनी मिळून पोतं पाटावर ठेवलं. थैली मधे आली. तुळई करकरली आणि गप्प झाली. सर बराच वेळ खाली वाकून, वर बघून तपासत होते. मग म्हणाले, "फोटो काढ. तुह्या फोनवरून शुभांगीले पाठव."

"खाली काय लिहू?"

"काही लिहू नको. तिले समजते."

फोटो पाठवून आम्ही माझ्याकडे आलो. मी चहा ठेवला. सर नेहमीसारखे उभे, पण आज त्यांनी ना भिंतीकडे पाहिलं ना छताकडे. डोळे माझ्या फोनवर. चहा गार झाला, त्यांनी घोट घेतला नाही. मीच मनातल्या मनात शुभांगीच्या विनवण्या करत होतो.

फोन वाजला. मी वाचून दाखवलं.

"डाव्या हाताची कडी झिजली दिसून राह्यली, बाबा. आधी ते बदला."

"आधी म्हने," सर पुटपुटले. "आधी."

आणि मागच्या पायाला चीर असलेल्या त्या हिरव्या खुर्चीत, न बघता, ते मटकन बसले.